‘मिट आइनेम नेटेन कोलेगेन’: जर्मन विशेषण आणि नाम एकत्र कसे चालवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांनी जर्मनची ए2 पातळी पूर्ण केली आहे, पुढच्या बी1 पातळीची परीक्षा सहा आठवड्यांवर आली आहे आणि विशेषणांच्या प्रत्ययांचे तिन्ही तक्ते त्यांना न अडखळता म्हणता येतात. तरीही ‘मी एका भल्या सहकाऱ्याबरोबर एका लहान फ्लॅटमध्ये राहतो’ हे वाक्य त्यांनी ‘इश वोने मिट आइन नेटेर कोलेगे इन आइने क्लाइने वोनुंग’ असे लिहिले आणि त्यात पाच ठिकाणी लाल खुणा झाल्या. त्यांचे म्हणणे असे की ‘आइन नेटेर कोलेगे’ आणि ‘आइने क्लाइने वोनुंग’ ही दोन्ही रूपे तक्त्यात जशीच्या तशी आहेत, मग चूक कुठली? आणि तीन तक्त्यांतील प्रत्येकी 16, म्हणजे एकूण 48 रूपे पाठ करण्यापेक्षा सोपा मार्ग आहे का, आणि सराव कसा करावा?

उत्तरापूर्वी लिपीविषयी एक खुलासा करते. बोलताना शब्दाच्या शेवटचा ‘-एर’ जवळजवळ ‘अ’सारखा ऐकू येतो, परंतु येथे प्रत्यय डोळ्यांना दिसणे महत्त्वाचे असल्यामुळे मी जर्मन स्पेलिंगला धरून ‘गूटेर’, ‘क्लाइनेर’ असे लिहीत आहे. हे उच्चार म्हणून घेऊ नयेत.

शुद्ध वाक्य असे होईल: ‘इश वोने मिट आइनेम नेटेन कोलेगेन इन आइनेर क्लाइनेन वोनुंग.’ लाल खुणा पाच असल्या तरी चुका पाच नाहीत. ‘मिट’ या शब्दानंतर नेहमी डाटीफ, म्हणजे आपल्या परिचयाच्या भाषेत चतुर्थी लागते, हे लिहिताना सुटले. ही पहिली चूक. ‘इन’ हा शब्द ‘कुठे आहे’ या अर्थाने आला की त्यालाही डाटीफ लागते, हे सुटले, ही दुसरी. ‘कोलेगे’ हे नाम स्वतःही चालते, हे ठाऊक नव्हते किंवा आठवले नाही, ही तिसरी. ‘नेटेर’ आणि ‘क्लाइने’ या विशेषणांवरील खुणा पहिल्या दोन चुकांच्या सावल्या आहेत. आपण तक्ता बरोबर वाचला, पण चुकीच्या ओळीतून वाचला.

मी पुण्यात अठरा वर्षे जर्मन शिकवते आहे, आणि विशेषणाचा म्हणून माझ्यासमोर आलेला प्रश्न बहुतेक वेळा विशेषणाचा नसतो, असा माझा अनुभव आहे. तो नामाच्या लिंगाचा असतो किंवा विभक्ती ओळखण्याचा असतो. विशेषण हे त्या पदसमूहातले सर्वांत शेवटी ठरणारे अंग आहे; आधी लिंग, वचन आणि विभक्ती ठरते, त्यावरून आर्टिकल, म्हणजे नामाआधी येणारा ‘डेर’ किंवा ‘आइन’सारखा शब्द, ठरते, आणि आर्टिकलकडे पाहून विशेषण आपला प्रत्यय घेते. विद्यार्थी मात्र उलट्या बाजूने, विशेषणाच्या तक्त्यापासून सुरुवात करतात, कारण वर्गात तो तक्ता सर्वांत शेवटी आणि सर्वांत भीतिदायक म्हणून शिकवला जातो.

आपण किती खोलात जावे, हे आपल्या गरजेवर अवलंबून आहे, हेही सांगायला हवे. दुकानात, बसमध्ये किंवा शेजाऱ्यांशी बोलताना ‘-ए’ऐवजी ‘-एन’ म्हटल्याने कोणाचाही गैरसमज होत नाही. बी1च्या लेखी भागात हे प्रत्यय चुकले तर गुण जातात, पण पत्र समजले नाही असे सहसा होत नाही. कार्यालयात अहवाल किंवा रुग्णालयात नोंदी लिहिण्याचे काम असेल, तर मात्र ही चूक रोज दिसते आणि रोज खटकते. त्यामुळे पुढचे विवेचन लिहिण्याला समोर ठेवून केले आहे; बोलण्यातली सहजता त्यामागून येते, आणि थोडी उशिराच येते.

आता मूळ कारणाकडे येऊ. आपल्यापैकी ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले होते, त्यांच्या डोक्यात एक नियम पक्का बसलेला असतो: विशेष्याचे जे लिंग, जे वचन, जी विभक्ती, तीच विशेषणाची. ‘शीतलेन जलेन’ म्हणताना दोन्ही शब्द तृतीयेचा पूर्ण प्रत्यय घेऊन उभे राहतात. हा नियम घेऊन जर्मनकडे गेले की माणूस ‘डेम’नंतर ‘गूटेम’ लिहितो आणि त्यात त्याला काही वावगेही वाटत नाही, कारण संस्कृतच्या हिशोबाने ते अगदी नीटनेटके आहे. जर्मन भाषा मात्र या बाबतीत काटकसरी आहे. विभक्तीची खूण पदसमूहात एकदा स्पष्टपणे दिसली की पुरे, असा तिचा स्वभाव आहे. ती खूण आर्टिकलने दाखवली असेल तर विशेषणाने ती पुन्हा दाखवायची नसते.

हा स्वभाव आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही, कारण तो आपल्या मराठीचाच आहे. ‘तो जुना वाडा’, ‘ती जुनी विहीर’, ‘ते जुने घर’ ही तीन रूपे पाहा आणि आता त्यांना सप्तमी लावा: ‘त्या जुन्या वाड्यात’, ‘त्या जुन्या विहिरीत’, ‘त्या जुन्या घरात’. विशेषण तिन्हींकडे ‘जुन्या’ झाले. हे ‘जुन्या’ लिंग सांगत नाही, वचन सांगत नाही, आणि विभक्ती कोणती हेही सांगत नाही. पुढचे नाम मूळ रूपात नसून सामान्यरूपात आहे, एवढेच ते सुचवते. विभक्ती कोणती हे शेवटचा ‘-त’ एकदाच सांगतो. जर्मनमध्ये हीच रचना आरशात पाहिल्यासारखी उलटी होते. तिथे विभक्ती पदसमूहाच्या शेवटी न सांगता सुरुवातीला, म्हणजे आर्टिकलमध्ये सांगितली जाते: ‘इन डेम आल्टेन हाउस’. मधला ‘आल्टेन’ हा आपला ‘जुन्या’ आहे. त्याचा ‘-एन’ आपल्या ‘-या’चे काम करतो.

ही तुलना सर्वच ठिकाणी जुळत नाही, पण जिथे जुळते तिथे सबंध एक तक्ता पाठ करण्याची गरज नाहीशी करते. ‘डेर, डी, डास’ आल्यावर लागणाऱ्या तक्त्यात 16 घरे आहेत. त्यांपैकी फक्त पाच घरांत ‘-ए’ आहे आणि उरलेल्या अकरा घरांत ‘-एन’ आहे. ती पाच घरे म्हणजे एकवचनाची मूळ रूपे: नॉमिनाटीफमध्ये, म्हणजे प्रथमेत, ‘डेर आल्टे टिश’ (जुने टेबल), ‘डी आल्टे ऊर’ (जुने घड्याळ), ‘डास आल्टे हाउस’ (जुने घर), आणि आकुझाटीफमध्ये, म्हणजे द्वितीयेत, पुन्हा तीच ‘डी आल्टे ऊर’ आणि ‘डास आल्टे हाउस’, कारण स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग आकुझाटीफमध्ये बदलतच नाहीत. पुल्लिंग बदलते, म्हणून ‘डेन आल्टेन टिश’. रूप मूळ अवस्थेतून हलले, मग ते विभक्तीमुळे असो वा अनेकवचनामुळे, की ‘-एन’ लावावा. ‘जुन्या विहिरी’ या प्रथमेच्या अनेकवचनातही आपल्याकडे ‘-या’च येतो, हा निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला फार सोयीचा आहे.

पुल्लिंगी आकुझाटीफ मराठी माणसाला विशेष छळते आणि त्यालाही कारण आहे. ‘मी टेबल विकत घेतले’ म्हणताना आपण निर्जीव कर्माला काहीच जोडत नाही. ‘-ला’ आपल्याला माणसांसाठी आणि प्राण्यांसाठी आठवतो. त्यामुळे ‘इश काउफे डेर आल्टे टिश’ हे आपल्या कानाला पूर्ण वाटते. जर्मनमध्ये कर्म सजीव आहे की निर्जीव, याने फरक पडत नाही. पुल्लिंगी कर्म दिसले की आर्टिकल ‘डेन’ होणार आणि विशेषण ‘आल्टेन’ होणार.

दुसरी अडचण ‘इन’, ‘आउफ’ यांसारख्या शब्दांची. आपण ‘खोलीत बसलो’ आणि ‘खोलीत गेलो’ या दोन्हींसाठी एकच ‘-त’ वापरतो. जर्मन मात्र बसण्यासाठी डाटीफ आणि जाण्यासाठी आकुझाटीफ घेते: ‘इन डेर क्लाइनेन वोनुंग’ म्हणजे त्या लहान फ्लॅटमध्ये असणे, आणि ‘इन डी क्लाइने वोनुंग’ म्हणजे त्यात जाणे. येथे विशेषणाच्या ‘-एन’ आणि ‘-ए’ यांतला फरक पाठांतराने येणार नाही. स्थिती आहे की गती, हा प्रश्न स्वतःला विचारल्यानेच येईल.

आता तुलना कुठे तुटते ते पाहू, कारण खरी मजा तिथे आहे. मराठीत विभक्तीचा प्रत्यय नामालाच चिकटलेला असल्यामुळे तो गैरहजर राहू शकत नाही. जर्मनमध्ये आर्टिकल गैरहजर राहू शकते, आणि मग विभक्ती सांगण्याचे काम विशेषणावर येते. अशा वेळी विशेषण आर्टिकलचाच प्रत्यय अंगावर घेते: ‘डेर’चा ‘-एर’, ‘डास’चा ‘-एस’, ‘डेम’चा ‘-एम’. यासाठी वेगळा तक्ता पाठ करण्याची गरज नाही, कारण आपण तो पहिल्याच आठवड्यात अभिवादने म्हणून पाठ केलेला असतो. ‘गूटेन टाग’, ‘गूटेन मॉर्गेन’, ‘गूटेन आबेंट’ या तिन्हींत ‘-एन’ का आहे? टाग, मॉर्गेन आणि आबेंट ही पुल्लिंगी नामे आहेत आणि ‘मी आपल्याला शुभ दिवस इच्छितो’ यातला दिवस कर्म आहे, म्हणून आकुझाटीफ, म्हणून ‘डेन’चा ‘-एन’. ‘नाख्ट’ स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘गूटे नाख्ट’. शुक्रवारी सहकारी ‘शोनेस वोखेनएंडे’ म्हणतात, कारण ‘एंडे’ नपुंसकलिंगी आहे. नव्या वर्षाला ‘फ्रोहेस नॉयेस यार’ म्हणतात तेव्हा दोन विशेषणे लागोपाठ येतात आणि दोन्ही तोच ‘-एस’ घेतात; विशेषणे कितीही असली तरी सर्वांचा प्रत्यय एकच, हा नियमही त्यातच सापडतो.

पत्राच्या मायन्यात तर हा सारा तक्ता उघडा पडलेला असतो. ‘झेर गेएर्टेर हेर’, ‘झेर गेएर्टे फ्राउ’, ‘झेर गेएर्टे डामेन उंड हेरेन’ यांत अनुक्रमे पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि अनेकवचन आहे. पत्राच्या शेवटच्या ‘मिट फ्रॉयंटलिशेन ग्र्युसेन’मध्ये, म्हणजे ‘स्नेहपूर्ण नमस्कारांसह’मध्ये, ‘मिट’मुळे डाटीफ आणि अनेकवचन आहे, कोणी एकच नमस्कार पाठवला तर तो ‘मिट फ्रॉयंटलिशेम ग्रुस’ असा ‘-एम’ घेऊन येतो. जर्मनीत शिकायला होते तेव्हा मी घरमालकांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात ‘झेर गेएर्टे हेर’ असे लिहिले होते. मी भाषा कानाने शिकले होते आणि ‘-ए’ व ‘-एर’ यांतला फरक माझ्या मराठी कानाला त्या वेळी ऐकूच येत नसे. घरमालक काही बोलले नाहीत. खोलीतल्या मैत्रिणीने दुसरे पत्र टपालात पडण्यापूर्वी हसून दाखवले. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना मायने शिष्टाचार म्हणून न शिकवता व्याकरण म्हणून शिकवते.

या तक्त्यात आर्टिकलपेक्षा वेगळी अशी दोनच घरे आहेत: पुल्लिंग आणि नपुंसकलिंग यांच्या गेनिटीफमध्ये, म्हणजे षष्ठीत, अपेक्षित ‘-एस’ऐवजी ‘-एन’ येतो. ‘ट्रॉट्स श्लेश्टेन वेटेर्स’, म्हणजे खराब हवामान असूनही. कारण तेच काटकसरीचे आहे: गेनिटीफची खूण म्हणून नामालाच ‘-एस’ लागलेला असतो, मग विशेषणाने तो पुन्हा कशाला घ्यावा? या घरात खुद्द जर्मन लोकही घसरतात. ‘या वर्षाच्या सुरुवातीला’ यासाठी प्रमाण रूप ‘आनफांग डीझेस यारेस’ असे आहे, कारण ‘डीझेर’ हा शब्द विशेषणासारखा न चालता आर्टिकलसारखा चालतो; पण ‘आनफांग डीझेन यारेस’ आपल्याला जर्मन लोकांच्या तोंडी आणि लेखणीतही वारंवार आढळेल. परीक्षेत पहिलेच लिहावे.

‘आइन’चा तिसरा तक्ता स्वतंत्र आहे असे मी मानत नाही. ‘आइन’ (एक), ‘माइन’ (माझा), ‘काइन’ (एकही नाही) हे शब्द फक्त तीन घरांत प्रत्ययाविना उघडे राहतात: पुल्लिंगी नॉमिनाटीफ, आणि नपुंसकलिंगी नॉमिनाटीफ व आकुझाटीफ. ‘आइन’ हा शब्द नुसता ऐकला तर पुढे पुल्लिंग येणार की नपुंसकलिंग, हे कळत नाही. म्हणून ती माहिती विशेषण देते: ‘आइन आल्टेर टिश’, ‘आइन आल्टेस हाउस’. बाकी सगळीकडे ‘आइनेन’, ‘आइनेम’, ‘आइनेर’ हे स्वतःच खूण दाखवतात आणि विशेषण निवांतपणे पहिल्या तक्त्यातले ‘-ए’ किंवा ‘-एन’ घेते. म्हणजे 48 घरांचा प्रश्न प्रत्यक्षात एवढाच उरतो: माझ्या आधीच्या शब्दाने खूण दाखवली आहे का? दाखवली असेल तर पाच मूळ घरांत ‘-ए’, इतरत्र ‘-एन’. दाखवली नसेल तर ती मी दाखवायची.

संख्यावाचक शब्दांचा घोळ याच प्रश्नाने सुटतो, निदान बराचसा. ‘हॉयझेर’ म्हणजे घरे. ‘आले आल्टेन हॉयझेर’ पण ‘फीले आल्टे हॉयझेर’: ‘आले’, म्हणजे सर्व, हा आर्टिकलच्या रांगेत बसतो, ‘फीले’, म्हणजे पुष्कळ, हा स्वतःच एक विशेषण मानला जातो आणि शेजारच्या विशेषणाला आपलाच प्रत्यय देतो. ‘त्स्वाय’, म्हणजे दोन, याला काहीच प्रत्यय नसल्यामुळे ‘त्स्वाय आल्टे हॉयझेर’. ‘काइने’ आणि ‘माइने’ अनेकवचनात ‘आले’च्या बाजूला. हे चार-पाच शब्द मात्र सरळ पाठ करावेत. तर्काने ते दर वेळी सापडतीलच असे नाही.

आता नामाकडे, कारण प्रश्नाच्या मथळ्यात ‘एकत्र’ हा शब्द आहे आणि शिकवणीत नेमके हेच सुटते. जर्मन नाम मराठी नामाच्या मानाने फारच आळशी आहे. वाड्याचा ‘वाडा’, ‘वाड्या-’, ‘वाडे’, ‘वाड्यां-’ असा होणारा प्रवास तिथे नाही. पण तीन ठिकाणी ते हलते. एक, पुल्लिंग आणि नपुंसकलिंग यांच्या गेनिटीफमध्ये ‘-एस’ किंवा नुसता ‘स’: ‘डेस आल्टेन हाउझेस’. दोन, अनेकवचनी डाटीफमध्ये ‘न’: ‘मिट डेन आल्टेन हॉयझेर्न’, नामाचे अनेकवचन आधीच ‘न’ने किंवा ‘स’ने संपत असेल तर काही जोडायचे नाही, म्हणून ‘मिट डेन आल्टेन आउटोस’. तीन, काही पुल्लिंगी नामे नॉमिनाटीफ एकवचन सोडून सर्वत्र ‘-न’ किंवा ‘-एन’ घेतात. कोलेगे, श्टुडेंट, मेन्श, पात्सिएंट, नाखबार, कुंडे, युंगे ही त्यांतली रोजच्या वापरातली. ही बहुतेक माणसांची नावे आहेत हे ध्यानात घेतले, तर संशय कुठे घ्यायचा ते कळते. या नामांमुळे ‘मिट आइनेम नेटेन कोलेगेन’मध्ये विशेषण आणि नाम दोघेही ‘-एन’ने संपतात, आणि विद्यार्थ्यांना वाटते की दोघांचा प्रत्यय एकच आहे. तो एक नाही. दोन वेगळ्या नियमांनी तो योगायोगाने सारखा दिसतो. ‘मिट आइनेम नेटेन लेरेर’ म्हटल्यावर हे स्पष्ट होते, कारण लेरेर, म्हणजे शिक्षक, या शब्दाला काही लागत नाही.

नामाला पूर्वी एकवचनी डाटीफमध्येही ‘-ए’ लागत असे आणि तो आता ‘त्सू हाउझे’सारख्या काही ठराविक प्रयोगांतच उरला आहे. त्याचा सर्वांत ठळक नमुना बर्लिनमध्ये राइशटाग या संसदभवनाच्या दर्शनी भागावर कोरल्यासारखा उभा आहे: ‘डेम डॉयचेन फोल्के’, म्हणजे जर्मन जनतेस. ही अक्षरे 1916 साली तिथे बसवली गेली. ‘फोल्क’ नपुंसकलिंगी आहे. ‘-स’ या चतुर्थीच्या अर्थाने ‘डास’चे ‘डेम’ झाले, ‘डेम’ने खूण दाखवल्यामुळे ‘डॉयच’ला साधा ‘-एन’ लागला, आणि नामाने जुना ‘-ए’ घेतला. तीन शब्दांत तिन्ही अंगे आपापले काम करताना दिसतात. त्याच इमारतीच्या आतील चौकात 2000 साली हान्स हाके या कलावंताची एक कलाकृती उभी राहिली, तिच्यावर ‘डेर बेफ्योल्करुंग’, म्हणजे लोकसंख्येस, अशी अक्षरे आहेत. तिच्यावरून मोठा राजकीय वाद झाला होता, तो येथे बाजूला ठेवू. वर्गात मी ती दाखवते ती ‘डेर’साठी: नवखा विद्यार्थी ‘डेर’ पाहून पुल्लिंग समजतो, पण ‘-उंग’ने संपणारी नामे स्त्रीलिंगी असतात, म्हणून हा स्त्रीलिंगी डाटीफ आहे. या दोन शब्दांच्या मध्ये ‘डॉयच’ घालायचे ठरले तर ‘डॉयचे’ येणार नाही, ‘डॉयचेन’ येईल. नामाचे लिंग पक्के नसेल तर विशेषणाचा कोणताही तक्ता उपयोगी पडत नाही, असे मी म्हणते ते यासाठी.

एका उलट चुकीचाही उल्लेख करायला हवा, कारण ती खास आपली आहे. मराठीत ‘मुलगा मोठा आहे’, ‘मुलगी मोठी आहे’ असे क्रियापदाजवळचे विशेषणही लिंगाप्रमाणे बदलते. जर्मनमध्ये नामाच्या आधी येणारे विशेषणच चालते. ‘इस्ट’बरोबर आलेले विशेषण कोरडे राहते. ‘डेर टिश इस्ट आल्ट’, ‘डी ऊर इस्ट आल्ट’, ‘डी हॉयझेर झिंट आल्ट’. प्रत्ययांचा सराव वाढला की विद्यार्थी उत्साहाने इथेही प्रत्यय लावू लागतात. ते प्रगतीचे लक्षण आहे, पण चूकच.

न चालणारी विशेषणे तिथेही आहेत. आपण ‘पुणेरी पगडी’ आणि ‘पुणेरी पगडीला’ म्हणतो, पुणेरीला हात लावत नाही. तसे ‘बेर्लिनेर’, ‘फ्रांकफुर्टेर’ ही गावांवरून आलेली रूपे कुठल्याही विभक्तीत तशीच राहतात, आणि ‘रोझा’, ‘लिला’ हे रंगही. ‘डुंकेल’, म्हणजे अंधारा किंवा गडद, याला प्रत्यय लागताना मधला स्वर गळून ‘डुंकलेस’ होते. ‘कापूस’चे ‘कापसाला’ करणाऱ्याला याचे आश्चर्य वाटू नये. ‘होख’, म्हणजे उंच, याचे ‘होहेर बेर्ग’ होते, ते मात्र पाठच करावे लागते.

सरावाविषयी विचारलेत म्हणून माझ्या वर्गातली पद्धत सांगते. तक्ता भिंतीवरून काढून टाकावा. आपल्या घरातल्या तीन वस्तू निवडाव्यात, एक पुल्लिंगी, एक स्त्रीलिंगी, एक नपुंसकलिंगी, आणि प्रत्येकीला एक कायमचे विशेषण द्यावे. माझ्याकडे जुने टेबल, नवीन घड्याळ आणि लहान पुस्तक असते. प्रत्येकीची तीन वाक्ये करायची: ‘हे … आहे’, ‘माझ्याकडे … आहे’, ‘… सह’. टेबलासाठी ती ‘डास इस्ट आइन आल्टेर टिश’, ‘इश हाबे आइनेन आल्टेन टिश’, ‘मिट आइनेम आल्टेन टिश’ अशी होतात. नॉमिनाटीफ, आकुझाटीफ आणि डाटीफ यांची ही नऊ वाक्ये आठवडाभर रोज हाताने लिहावीत आणि प्रत्यय न गिळता मोठ्याने म्हणावीत. प्रत्यय गिळण्याची सवय फार वाईट. ती ऐकणाऱ्याला फसवते आणि बोलणाऱ्यालाही, कारण आपल्याला येत नाही हेच कळेनासे होते. दुसऱ्या आठवड्यात ‘आइन’च्या जागी ‘डेर, डी, डास’ घालावे, तिसऱ्यात ‘माइन’ आणि अनेकवचन. नवीन नाम भेटले की ते या तीन वस्तूंपैकी कोणाच्या रांगेत बसते एवढेच पाहायचे: ‘वोनुंग’ माझ्या घड्याळाच्या रांगेत, ‘कोलेगे’ टेबलाच्या रांगेत, फक्त शेपटीला ‘न’ जोडून.

लिहून झाल्यावर तपासण्याचा क्रमही ठरवून घ्यावा. आपले वाक्य हाती घ्या, विशेषणांवर बोट ठेवून झाकून टाका आणि आधी ‘मिट आइनेम कोलेगेन इन आइनेर वोनुंग’ एवढे बरोबर आहे का ते पाहा. ते बरोबर असेल तरच बोट उचला. पहिल्याच फेरीत ‘मिट आइन’ दिसले असते, तर पाचपैकी दोन खुणा शिक्षकांच्या लाल पेनापर्यंत पोहोचल्या नसत्या.

परीक्षेला सहा आठवडे आहेत, तेव्हा गेनिटीफचा सबंध रकाना आत्ता हातात घेऊ नये. ‘वेगेन डेस श्लेश्टेन वेटेर्स’, म्हणजे खराब हवामानामुळे, हा एक प्रयोग पुल्लिंगासाठी आणि नपुंसकलिंगासाठी, आणि ‘वेगेन डेर लांगेन राइझे’, म्हणजे लांबच्या प्रवासामुळे, हा स्त्रीलिंगासाठी पाठ करावा. उशीर का झाला किंवा भेट का रद्द करावी लागली, हे परीक्षेतल्या पत्रात लिहिण्याची वेळ येतेच, आणि तिथे हे दोन्ही जसेच्या तसे बसतात.